मनश्शे काय म्हणाला

डार्टमथ, नोव्हा स्कोशिया
बुधवार, १८ जानेवारी २०२३

ती. नानांना,

शालोम आणि नमस्कार.

नाथन, हे पत्र तूच नानांना वाचून दाखवणार, म्हणून आधी तुला सांगते. त्यांच्या उजव्या कानाशी बस आणि सावकाश वाच. मधलं काही गाळायचं नाही. तुझी ती खोड मला माहीत आहे, वाईट बातमी आली की तू दोन ओळी खाली उडी मारतोस. तुझ्या मेहुण्याने, सॉलोमनने, तुला जो व्हिडिओ पाठवला आहे तो पत्र संपल्यावरच दाखव. नानांना फोनवर ऐकू येत नाही, ते नुसते 'हो हो' म्हणतात, आणि हे सगळं 'हो हो'त जाऊ द्यायचं नाही म्हणून कागदावर लिहिते आहे.

नाना, आम्ही इथे खुशाल आहोत. थंडी यंदा उशिरा आली पण आली ती जोरात. गेल्या आठवड्यात दोनदा फेरीबोट बंद होती, मला हॉस्पिटलात कामावर जायला पुलावरून बसने लांबून जावं लागलं. सॉलोमनचा गुडघा बरा आहे. शिपयार्डमधून तो आता दोन वर्षांत निवृत्त होईल, मग इस्रायलला, अश्दोदला तुमच्याकडे येऊन महिनाभर राहायचं ठरवलं आहे. इथल्या इंडियन ग्रोसरीत आता जाडे पोहे आणि कोकम दोन्ही मिळतं. नारळ मात्र अजून नशिबावर. पाच फोडले तर एक चांगला निघतो.

तुमची माझ्याबद्दल एक तक्रार आहे असं नाथन लिहितो. ऑगस्टपासून दीना बोलत नाही, नुसते मेसेज टाकते. मी तुम्हांला सांगितलं होतं की माझ्या फोनचा माईक बिघडला आहे. मग सांगितलं की कामाच्या वेळा बदलल्या. नाथनने एकदा विचारलं, तेव्हा मी विषय बदलून त्याच्या मुलाच्या लग्नाबद्दल विचारलं.

फोन चांगला होता.

पण आधी रविवारचं सांगते. ते सांगण्यासाठीच बसले आहे.

इथे हॅलिफॅक्सला आपलं महाराष्ट्र मंडळ आहे. पूर्वी चार घरं होती, आता इतकी नवी मंडळी येतात की संक्रांतीला चर्चचा बेसमेंट हॉल पुरत नाही. अध्यक्ष शरदचंद्र देशकर, नागपूरचे, पुलांचे इंजिनिअर. माणूस चांगला, फक्त वेळापत्रकावर भारी प्रेम. नोव्हेंबरच्या मीटिंगमध्ये संक्रांतीचा कार्यक्रम ठरत होता. कोणी म्हणालं अंताक्षरी, कोणी म्हणालं मुलांचा फॅन्सी ड्रेस. मी हात वर केला. इतकी वर्षं मी मंडळात पुऱ्या तळते, हात वर कधी केला नव्हता. मी म्हटलं, मला कीर्तन करायचं आहे.

सगळे वळून बघायला लागले. मी माहेरची आवासकर म्हणजे अलिबागकडची, हे त्यांना कळतं. आम्ही ज्यू आहोत हे कळलं की पुढचं कळेनासं होतं. अजून निम्मे लोक मला ईस्टरच्या शुभेच्छा देतात. शरदचंद्रांनी विचारलं, कीर्तन म्हणजे आपलं ते नारदाचं, झांजा-पेटीवालं? मी म्हटलं तेच. विषय? मी म्हटलं, आमच्या शास्त्रातला. योसेफाचा थोरला मुलगा, मनश्शे. ते म्हणाले, हे नाव कधी ऐकलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडेही फारसं कोणी ऐकून घेत नाही.

त्यांनी वीस मिनिटं दिली. "त्यापेक्षा जास्त नको, दीनाताई. मसालेभात थंड होतो."

मी मनश्शेच का घेतला, ते तुम्हांला कळलं असेल. अलिबागच्या इस्रायल आळीतल्या घरात तुम्ही हे आख्यान नाथनला शिकवत होतात, तेव्हा मी स्वयंपाकघरात नारळाचं दूध काढत होते. म्हातारा याकोब आजारी आहे. योसेफ आपली दोन्ही मुलं घेऊन येतो, आशीर्वाद द्या म्हणतो. थोरला मनश्शे याकोबाच्या उजव्या हाताशी उभा करतो, धाकटा एफ्राईम डाव्या हाताशी. आणि आजोबा हातांची अढी घालतो. उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर, डावा थोरल्याच्या. योसेफ म्हणतो, बाबा, चुकलात, थोरला हा आहे. याकोब म्हणतो, ठाऊक आहे मुला, मला ठाऊक आहे. तुमचं आख्यान तिथून एफ्राईमच्या थोरवीकडे जायचं. मी परात तशीच ठेवून दारात आले आणि विचारलं, नाना, मग मनश्शे काय म्हणाला?

तुम्ही म्हणालात, "शास्त्रात नाही."

आणि मी दूध काढायला परत गेले. त्यानंतर मी विचारलं होतं की मलाही शिकवा, आणि तुम्ही म्हणालात की मुलीने उभं राहून कीर्तन करणं आपल्यात नाही, तू झांजा धर. मी झांजा धरल्या. रेवदंड्याला, पेणला, पनवेलला, तुमच्या मागे आणि मग नाथनच्या मागे. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. सॉलोमनलाही.

नाथन, इथे उडी मारू नकोस.

आता फोनचं. जुलैमध्ये माझ्या गळ्यात गाठ सापडली. थायरॉइडची. ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, कॅन्सर नाही, हे वाक्य नानांना दोनदा वाचून दाखव. गाठ साधी निघाली. पण सर्जनने आधीच सांगितलं होतं की आवाजाची शीर गाठीला चिकटून आहे, ती दुखावली तर आवाज जाईल, परत येईलच असं सांगता येत नाही. शुद्धीवर आले तेव्हा घशातून नुसती हवा बाहेर येत होती. मी 'पाणी' म्हटलं आणि नर्सला ते ओठांवरून वाचावं लागलं.

तुम्हांला सांगितलं नाही, कारण सांगायला आवाज नव्हता आणि लिहून सांगण्याची हिंमत नव्हती. तुम्ही या वयात तिकीट काढा म्हणाला असता. आणि दुसरंही एक. माझा आवाज गेला, हे तुम्हांला कसं सांगायचं, जेव्हा माझा आवाज तुम्ही कधी नीट ऐकलाच नव्हता?

हे लिहून टाकलं. आता पुढचं सोपं आहे.

आवाजाचे व्यायाम शिकवणारी एक बाई हॉस्पिटलात आहे, तिच्याकडे मी दर आठवड्याला जायची. ती मला ग्लासातल्या पाण्यात नळीने बुडबुडे काढायला लावायची आणि बुडबुड्यांवर सूर धरायला सांगायची. पन्नाशी उलटलेली बाई बुडबुडे काढत बसलेली बघून सॉलोमन स्वयंपाकघरातून निघून जायचा, हसू आवरायला. घरी मी एलियाहू हन्नाबीला, आपल्या संदेष्ट्याला, मलिद्याचा नवस बोलले. सूर आला तर करीन. सप्टेंबरअखेर बोलता यायला लागलं, घोगरं. गायला जावं तर वर काहीच नाही. माझी गायची पट्टी पेटीवरची काळी चार होती. ती गेली, ती येणार नाही असं त्या बाईने स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, वर शोधू नकोस, खाली शोध.

मी खाली शोधत गेले. मंडळातल्या माधवीकडे पेटी आहे, तिच्याकडे जाऊन एक एक सूर लावून बघितला. काळी तीनला ओरखडे येत होते. पांढरी तीनला बरं. काळी दोनला बोट ठेवलं, सूर लावला, आणि तो सरळ निघाला. जाड, भरीव, खर्जातला. माधवी म्हणाली, अहो, हा किती छान लागला. मी तिच्या सोफ्यावर बसले. नाना, काळी दोन तुमची पट्टी. पेटीवर माझं बोट होतं आणि खोलीत तुमचा आवाज होता. बायकी, पण तुमचाच.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये मी हात वर केला.

रविवारी सकाळी भरपूर बर्फ पडलं. सॉलोमनने ड्राइव्ह-वे शोव्हल केला, रस्त्यावरचा बर्फ लोटणारा प्लाऊ आला आणि त्याने सगळं पुन्हा आमच्या दारात आणून टाकलं, मग परत शोव्हल केला. मला वाटलं, कार्यक्रम कॅन्सल होणार. मनातून थोडं बरंही वाटलं. पण लोक आले. हळदीकुंकवाला नटून आलेल्या बायका दारात बर्फाचे बूट काढत होत्या आणि पिशवीतून चपला काढत होत्या. माधवी पेटीला, तिचा नवरा तबल्याला. झांजा दीप्ती वानखेडेने धरल्या. ती इथे बँकेत आहे, आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम दर वर्षी तीच उभा करते, गळा उत्तम. तालमीच्या वेळी मी तिला सवयीने म्हटलं, तू माझ्या मागे बस. ती म्हणाली, "आमच्याकडे बाया मागे बसून नाही गात, ताई. मी बाजूला उभी राहते." आणि राहिली.

आमच्या सिनेगॉगमधूनही मी सहा-सातजणांना बोलावलं होतं. त्यात मिरियमबाई, ऐंशीच्या पुढच्या, काठी घेऊन येतात. त्यांना भीती होती की आपल्याला काही कळणार नाही. मी म्हटलं, नावं कळतील, तेवढी पुरे. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. म्हणजे हॉलमध्ये बाकी सगळ्यांना भाषा येत होती पण गोष्ट माहीत नव्हती, आणि पुढच्या रांगेला गोष्ट पाठ होती पण भाषा येत नव्हती. दोन्ही माहीत असलेले आम्ही दोघंच, मी आणि सॉलोमन, आणि सॉलोमन कॅमेऱ्यामागे लपला होता.

मी नऊवारी नेसले होते. नमन केलं, अब्राहाम, इसहाक, याकोबाच्या देवाला, तुमच्या चालीत. आवाज थरथरत होता. लोक सभ्यपणे बसले होते, तिळगूळ चघळत. मागे मुलं पळत होती. मी योसेफाची गोष्ट धरली, भावांनी विकलेला, मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, मोठा झालेला. थोरला झाला तेव्हा त्याचं नाव मनश्शे ठेवलं, कारण योसेफ म्हणाला, देवाने मला माझे कष्ट विसरायला लावले, माझ्या बापाचं घरही विसरायला लावलं. इथे मी थांबले आणि विचारलं, इथे बसलेल्यांपैकी कोणाकोणाची मुलं या देशात जन्मली? हात वर झाले. तुमच्या मुलांना तुमच्या बापाचं घर ठाऊक आहे? हात हळूहळू खाली आले. तिळगूळ चघळायचा आवाज बंद झाला.

मग आजोबाचा आशीर्वाद. मी दोन्ही हात पुढे केले आणि त्यांची अढी घातली. पुढच्या रांगेतली सगळी डोकी हलली, त्यांना ठाऊक होतं. मागून कोणीतरी बाई 'अगंबाई' म्हणाली, तिला आत्ता कळलं. एकाच क्षणी दोन्हीकडून आलं ते, आणि माझा थरथराट तिथे गेला. मी विचारलं, मग मनश्शे काय म्हणाला? शास्त्रात नाही. मी इतकी वर्षं शोधलं, कुठेही नाही. म्हणून मी सांगते.

हे मी रचलं आहे, नाना. नाथन, चाल ओवीची, म्हणून दाखव:

डावा हात डोईवर
तरी मान ना हलली,
आजोबांच्या तळव्याची
ऊब सारखी लागली.

तिसऱ्या ओळीला वर जायचं होतं आणि तिथे माझा आवाज फुटला. फुटला म्हणजे गेलाच. तोंड उघडं आणि आवाज नाही, ऑगस्टसारखा. माधवीने पेटीवर सूर धरून ठेवला. मला वाटलं, झालं, आता उतरावं. आणि दीप्तीने माझ्या बाजूने ओळ उचलली. तिच्या मागून माधवीने, मग दोन-तीन बायकांनी, मग सगळ्या हॉलने. पहिल्या वेळेला ऐकलेली ओळ, पण ओवीच ती, कोणाला शिकवावी लागते? पुढच्या रांगेत मिरियमबाई शब्दांवाचून गुणगुणत होत्या. शरदचंद्रही गात होते, तालाच्या थोडे पुढे. मी एक घोट पाणी प्यायले. खाली शोध, खाली शोध, असं स्वतःला म्हटलं, काळी दोनच्या षड्जावर आले, आणि तिथून पुन्हा उभी राहिले.

नाना, मग जे झालं ते मी कसं लिहू. मी सांगितलं, मनश्शे बोलला नाही. तो भावाशी भांडलाही नाही. आपल्या सगळ्या ग्रंथात भाऊ भावाला मारतो, फसवतो, विकतो, आणि हे पहिले दोघं की ज्यांच्यात भांडण नाही. पण जे पोटात राहतं ते रक्तातून पुढे जातं. मनश्शेचा मुलगा, नातू, पणतू, आणि त्या वंशात सलाफहाद नावाचा माणूस, त्याला मुलगा नाही, पाच मुली. बाप वारला. जमिनीच्या वाटण्या होणार, आणि मुलींना काही नाही. त्या पाचजणी मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या जमातीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. दीप्तीने झांज अशी मारली की मागची मुलं पळायची थांबली.

पाच त्या बहिणी
उभ्या दारापाशी,
सांगती मोशेसी,
वाटा आम्हां.

आमच्या बापाचं नाव कुळातून का पुसायचं, त्याला मुलगा नव्हता म्हणून? मोशेला उत्तर माहीत नव्हतं. एवढा मोशे, त्यालाही देवाला विचारावं लागलं. आणि देव काय म्हणाला, हे मात्र शास्त्रात आहे. मी ते गायले नाही, साधं बोलले.

"या मुली बरोबर बोलतात."

आधी बायका उठल्या. मग सगळे. मिरियमबाईंना 'मुली' एवढाच शब्द मी आधी शिकवला होता, त्या काठी टेकून उभ्या राहिल्या आणि टाळ्या वाजवायला काठी सोडून दिली, ती घरंगळत तबल्यापाशी गेली. आरती झाली, कीर्तन संपलं तेव्हा तासाच्या वर होऊन गेला होता. शरदचंद्र स्वयंपाकघराच्या दारात आडवे उभे राहून कोणाला भात वाढायला जाऊ देत नव्हते, म्हणाले, थंडच खाऊ.

मिरियमबाईंनी माझे दोन्ही हात धरले. त्या इंग्रजीत बोलल्या, मी मराठीत सांगते. "ऐंशी वर्षं दर शुक्रवारी, मुलांना देतात त्या आशीर्वादात, मी हे नाव ऐकते आहे. आज पहिल्यांदा त्या मुलाकडे पाहिलं."

सोमवारी मी रजा घेऊन मलिदा केला. पोहे, गूळ, खोबरं, वर फळं, सगळं रीतीप्रमाणे. माधवी, दीप्ती आणि शरदचंद्रांच्या घरचे सगळे आले होते. आता दर रविवारी पाच मुली माझ्याकडे शिकायला येणार आहेत. एक मुलगाही आहे, त्याला घेतलं आहे.

नाथन, तुझ्याविषयी. तुझ्यावर मी कधी रागावले नाही, हे तुला ठाऊक आहे. रेवदंड्याला तू आख्यान विसरलास आणि मी झांजांच्या आडून ओळ सांगितली, तेव्हा तुझी मान माझ्याकडे वळली होती, ती मला अजून दिसते. तू तिकडे गेल्यावर कीर्तन सोडलंस, त्याचं ओझं घेऊ नकोस. तुला ते नको होतं. कीर्तनाच्या आधी तुला उलटी व्हायची, हे नानांना आपण दोघांनीही कधी सांगितलं नाही. आता सांगितलं.

नाना, राग मला तुमच्यावर होता. पुष्कळ होता. अलिबागहून निघाले तेव्हा बरोबर होता, इथेही आणला. पण रविवारी घरी परतताना गाडीत मला एक गोष्ट आठवली. तुम्ही नाथनला शिकवायचात तेव्हा स्वयंपाकघराचं दार उघडं असायचं. धूर यायचा, तुम्हांला खोकला व्हायचा, आई म्हणायची दार लोटा, तुम्ही लोटू द्यायचा नाहीत. आणि नाथन अडला की तुम्ही ओळ पुन्हा म्हणायचात, मोठ्याने, दाराकडे तोंड करून. नाथन तर तुमच्या पुढ्यात बसलेला असायचा.

का, ते मी विचारत नाही. तुम्ही म्हणाल, ठाऊक आहे मुली, मला ठाऊक आहे. तसंच समजून मी पुढे चालले आहे.

टोरोंटोच्या आपल्या मंडळींनी व्हिडिओ पाहिला. पुरीमच्या सणाला बोलावलं आहे, दोन दिवस, दोन आख्यानं. मी हो म्हटलं. तुमची तब्येत सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या. आवाज ऐकायचा असेल तर आता फोन करा, मी उचलीन, आणि तुम्हांला ऐकू येईल. हा आवाज दूरवर जातो.

नाथन, खालचं पूर्ण वाच. माझ्या लग्नानंतरचं नाव त्यात नाही, नानांचं आहे, आणि पहिला शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिते आहे.

तुमची,

कीर्तनकार दीना शमुवेल आवासकर